विझर्ड्री : परत फिरण्याची वेळ ओळखायला लावणारे भुयार

तिसऱ्या मजल्याचा मी काढलेला नकाशा अजून टेबलावरच आहे. शाळेत भूमितीला वापरायचो तोच आलेख कागद, त्यावर आखलेले वीस गुणिले वीस चौकोन, आणि एका अरुंद बोळाच्या टोकाशी पेन्सिलीने गिरवून गिरवून गडद केलेली फुली. त्या फुलीपाशी माझी सहाही माणसे एकाच लढाईत मेली, आणि त्यांना तिथून वर आणण्यासाठी मला दुसरी चार माणसे पहिल्यापासून घडवावी लागली. त्या कामात तीन आठवड्यांच्या संध्याकाळी गेल्या. गेल्या दहा-बारा वर्षांत मी बरेच गेम खेळले, पण पडद्यावरच्या माणसांची इतकी काळजी मी कधी केली नव्हती. ‘विझर्ड्री : प्रूव्हिंग ग्राउंड्स ऑफ द मॅड ओव्हरलॉर्ड’ या गेमच्या नव्या आवृत्तीबद्दल म्हणूनच मला सविस्तर लिहावेसे वाटले.

हा गेम मुळात 1981 सालचा. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाशी संबंध असलेल्या अँड्र्यू ग्रीनबर्ग आणि रॉबर्ट वुडहेड या दोन तरुणांनी तो ॲपल टू या संगणकासाठी पास्कल भाषेत लिहिला आणि सर-टेक कंपनीने तो बाजारात आणला. गेममधला वेडा राजा ट्रेबर आणि त्याचे ताईत पळवून भुयाराच्या तळाशी दडून बसलेला मांत्रिक वर्डना ही नावे म्हणजे या दोघांची स्वतःचीच नावे उलटी लिहिलेली आहेत. सहा जणांचा चमू बांधायचा, भुयारात उतरायचे, राक्षसांशी आळीपाळीने लढायचे, अनुभव आणि सोने घेऊन गावात परतायचे, ही आज सर्वांच्या ओळखीची झालेली रचना घरगुती संगणकावर रुजवण्यात या गेमचा वाटा फार मोठा आहे. जपानमध्ये तर त्याला अमेरिकेपेक्षाही दीर्घ आयुष्य लाभले. 1986 साली ‘ड्रॅगन क्वेस्ट’ हा जपानी गेम घडवणारे युजी होरी याच गेमने भारावलेले होते, त्यामुळे ज्यांनी विझर्ड्रीचे नावही ऐकलेले नाही अशा असंख्य खेळाडूंनी तिची नातवंडे-पतवंडे मात्र खेळलेली असतात. आपल्याकडे टीव्हीला जोडायच्या आठ-बिटी यंत्रांवर धावण्या-उड्या मारण्याचे आणि गोळीबाराचे गेम घरोघरी पोचले. ही वाचायला लावणारी, वही जवळ घेऊन बसायला लावणारी शाखा मात्र माझ्या पिढीतल्या बहुतेकांपर्यंत तेव्हा आलीच नाही. मलाही ती चाळिशीत भेटली.

नवी आवृत्ती डिजिटल एक्लिप्स या कंपनीने केली आहे. सप्टेंबर 2023 मध्ये ती अपूर्णावस्थेत खेळायला खुली झाली आणि 23 मे 2024 रोजी संगणक, प्लेस्टेशन, एक्सबॉक्स आणि स्विच यांसाठी पूर्ण रूपात आली. या आवृत्तीचे सर्वांत मोठे वैशिष्ट्य वरवर पाहणाऱ्याच्या लक्षात येणार नाही. भुयाराच्या दगडी भिंती, मशालींचा उजेड, हलणारे-डोलणारे राक्षस हे सारे नवे आहे, पण त्याखाली चालते ती 1981 सालचीच मूळ आज्ञावली. हवे असेल तर पडद्याच्या कोपऱ्यात ॲपल टूचा मूळ पडदा उघडून ठेवता येतो. काळ्या पार्श्वभूमीवर चार-सहा पांढऱ्या रेघांनी काढलेला बोळ, शेजारी इंग्रजी मोठ्या अक्षरांतला मजकूर, आणि तुम्ही नव्या चित्रात एक पाऊल टाकले की त्या रेघाही त्याच क्षणी बदलतात. मी पहिले काही दिवस ती खिडकी नुसती कौतुकाने उघडी ठेवली होती. नंतर ध्यानात आले की ती खिडकी म्हणजे एक प्रकारचा पुरावा आहे. आपल्याला जे शासन होते आहे ते कोणी आज नव्याने ठरवलेले नाही, चाळीस वर्षांपूर्वीच्या खेळाडूनेही हेच भोगले होते, हे ती खिडकी सतत सांगत राहते.

गाव म्हणजे एक यादीच आहे. गिल्गमेशचा गुत्ता, जिथे माणसे जमवायची. बोल्टॅकची पेढी, जिथे शस्त्रे-चिलखते घ्यायची आणि विकायची. धर्मशाळेसारखी खाणावळ, कँटचे मंदिर, आणि गावाच्या वेशीबाहेर नवी माणसे घडवायचे मैदान. फिरायला रस्ते नाहीत, गप्पा मारायला गावकरी नाहीत. सारा गेम खालच्या दहा मजल्यांत आहे, आणि प्रत्येक मजला बरोबर चारशे चौकोनांचा.

माणसे घडवताना घाई करू नये. मनुष्य, एल्फ, ड्वार्फ, नोम आणि हॉबिट असे पाच वंश आहेत. योद्धा, मांत्रिक, पुजारी आणि चोर हे चार मूळ पेशे, आणि बिशप, सामुराई, लॉर्ड, निंजा हे चार दुर्मीळ. त्याशिवाय प्रत्येकाची वृत्ती ठरवावी लागते: सज्जन, तटस्थ किंवा दुष्ट. सज्जन आणि दुष्ट गुत्त्यातून एका चमूत निघत नाहीत, म्हणून कोणाला कोणाबरोबर बांधायचे याचा हिशेब इथूनच सुरू होतो. प्रत्येक नव्या माणसाला वाटायला काही जास्तीचे गुण मिळतात, ते बहुतेक वेळा दहाच्या आतच असतात, आणि क्वचित एखाद्या वेळी सतरा-अठरा मिळून जातात. पहिल्याच पावलाला सामुराई हवा असेल तर अशा भाग्याची वाट पाहत बसावे लागते. मी तीन संध्याकाळी बसले. माझे माहेर जेजुरीच्या वाटेवरचे, म्हणून माणसांची नावे तिथलीच ठेवली. पुढे खंडू आणि भैरू हे दोन योद्धे आणि हेगडी हा सामुराई. मागे म्हाळसा ही पुजारीण, बाणाई ही मांत्रिक आणि सदू नावाचा चोर. नाव ठेवण्याचा हा क्षण मी किरकोळ समजले होते. तो किरकोळ नव्हता, हे पुढे कळले.

हत्याराने लढता येते ते फक्त पुढच्या तिघांना. मागचे तिघे मंत्र टाकतात, काही वस्तू वापरतात, नाहीतर स्वतःला सावरून उभे राहतात. प्रत्येक फेरीच्या आधी सहाही जणांना काय करायचे ते सांगून ठेवायचे आणि मग फेरी कशी उलगडते ते पाहायचे. फेरी सुरू झाली की सांगितलेले मागे घेता येत नाही. शत्रू एकट्यादुकट्याने येत नाहीत, चार गटांपर्यंत येतात, आणि मंत्र एकावर पडतो, एका गटावर पडतो की सगळ्यांवर पडतो यावर निकाल ठरतो. पहिल्या लेव्हलच्या, म्हणजे अनुभवाच्या पहिल्या पायरीवरच्या, मांत्रिकाकडे जेमतेम दोन मंत्रांची शक्ती असते. त्यातला एक काटिनो म्हणून गटाला झोपवण्यावर खर्च केला की झोपलेल्यांना कापून काढता येते. पहिल्या मजल्यावर जगण्याचे जवळजवळ संपूर्ण शास्त्र या एका मंत्रात आहे. दुसरी लढाई झाली की बाणाईची शक्ती संपलेली असायची, म्हाळसाकडे जखम भरण्याचा एखादाच मंत्र उरलेला असायचा, आणि तिथून जिन्यापर्यंत मोजून बारा पावले. या बारा पावलांतही कोणी आडवे येऊ शकते. म्हणजे परतीचा रस्ता धरूनच पुढे जाण्याचा विचार करायचा असतो, आणि नेमके हेच नवखा खेळाडू करत नाही.

मीही केले नाही. दुसऱ्या संध्याकाळी भैरूच्या अंगात तीन हिट पॉइंट, म्हणजे घाव सोसण्याची शेवटची तीन गुणांची ताकद, उरले होते, आणि समोर एक न उघडलेले दार होते. एवढे दार पाहू आणि मग परतू, असे मी ठरवले. दारामागे सांगाड्यांचा गट होता आणि भैरू पहिल्याच फेरीत पडला. बाकीचे पाच कसेबसे वर आले.

मेलेल्या माणसाला उठवायचे तर कँटच्या मंदिरात दक्षिणा भरावी लागते. लेव्हलमागे 250 सोन्याची नाणी असा मंदिराचा दर आहे. भैरू दुसऱ्या लेव्हलचा होता, म्हणजे 500. सगळ्यांचे सोने एकत्र केले तरी ते भरेना, म्हणून हेगडीची नवी ढाल विकली. दक्षिणा भरली की पडद्यावर चार शब्द एकामागून एक उमटतात. आधी पुटपुट, मग जप, मग प्रार्थना, मग आवाहन. प्रत्येक शब्दानंतर एक छोटा विराम असतो. मला तेव्हा नियम माहीत होता, पण त्याचा अर्थ कळलेला नव्हता: हा विधी फसू शकतो. फसला तर देहाची राख होते. राखेतून उठवण्याचा दर दुप्पट, आणि तोही विधी फसला तर ते माणूस कायमचे जाते, नावासकट यादीतून पुसले जाते. भैरूची राख झाली. पुढचे पाच दिवस मी पाच जणांचा चमू घेऊन जिन्याच्या आसपासच्या दहा चौकोनांत लढत राहिले, हजार नाणी जमवली आणि मंदिरात गेले. पुन्हा तेच चार शब्द. भैरू परत आला नाही.

या नियमातून वाट काढायची एक जुनी युक्ती आहे. प्रत्येक नव्या माणसाच्या खिशात शंभर-दीडशे नाणी असतात. मैदानात दहा-बारा नवी माणसे घडवायची, त्यांचे पैसे काढून घ्यायचे आणि त्यांना पुसून टाकायचे. नियमांत हे बसते, आणि हातात काहीच नसताना पहिली शस्त्रे घेण्यासाठी अनेक जण हेच करतात. मी एकदा केले आणि मला ते रुचले नाही. ज्या गेममध्ये माणूस जाण्याला इतकी किंमत आहे, तिथे माणसे घडवून लुटण्याने त्या किमतीवरच आघात होतो असे मला वाटते. पण ही माझी आवड झाली; गेम तुम्हाला अडवत नाही.

मंत्रांबद्दल थोडे सावकाश लिहिते, कारण भाषेत रस असणाऱ्या मराठी वाचकाला यात विशेष आनंद मिळेल. मंत्रांची नावे पहिल्यांदा अर्थहीन वाटतात. हालिटो म्हणजे आगीचा लहान गोळा. पुढे माहालिटो येतो, तो मोठा. त्यापुढे लाहालिटो, आणखी मोठा. डिओस जखम भरतो आणि बाडिओस जखम करतो. डिआल त्याहून मोठी जखम भरतो, बाडिआल तितकीच मोठी जखम करतो. मिल्वाने उजेड पडतो आणि लोमिल्वाने तो बराच काळ टिकतो. म्हणजे ‘मा’ लागला की बळ वाढते, ‘बा’ लागला की अर्थ उलटतो, ‘लो’ लागला की मुदत वाढते. हे थेट आपल्या उपसर्गांसारखे आहे. ‘हार’ला ‘प्र’, ‘आ’, ‘सं’, ‘वि’ लागून शब्द बदलतो हे शाळेत घोकलेल्या माणसाला ही व्यवस्था पंधरा मिनिटांत वश होते आणि मग न पाहिलेल्या मंत्राचे कामही नावावरून ताडता येऊ लागते. 1981 साली हे मंत्र अक्षर अक्षर टंकित करावे लागत आणि त्यासाठी छापील पुस्तिका हाताशी लागे. आता ते यादीतून निवडता येतात, शेजारी वर्णनही येते. सोय झाली हे खरे, पण मी मुद्दाम एका कागदावर मंत्रांचा तक्ता लिहून काढला, आणि त्या तक्त्यामुळे मंत्र मला पाठ झाले. माझा सल्ला असा की पहिले दोन मजले तरी वर्णने न वाचता खेळून पाहावे.

चोराबद्दल एवढेच सांगते की तो लढाईत फारसा उपयोगी पडत नाही, पण लढाईनंतर जी पेटी मिळते ती त्याच्याशिवाय उघडण्याचे धाडस करू नये. विषारी सुई, वायूचा स्फोट, आडव्या धनुष्याचा बाण, सगळ्या चमूला कुठल्या कुठे फेकणारा सापळा, असे बरेच काही त्या पेटीत असते. सदूने आधी तपासायचे, मग म्हाळसाने काल्फो मंत्राने ताडून पाहायचे, आणि दोघांचे उत्तर जुळले तरच हात घालायचा. उत्तर जुळले नाही तर पेटी सोडून निघून जायचे. सोडून दिलेल्या पेट्यांची हळहळ मला दोन दिवस पुरायची. पेटीतून निघणाऱ्या वस्तूही अनोळखी असतात. बोल्टॅक ओळखून देतो, पण जितक्याला ती वस्तू विकली जाईल तितकेच शुल्क घेतो, त्यामुळे नफा शून्य. म्हणून चमूत नाहीतर निदान गुत्त्यात एक बिशप बसवून ठेवावा. तो फुकट ओळखतो. शापित वस्तूला हात लागून त्याच्यावरच शाप ओढवण्याचा धोका असतो, तेवढा पत्करावा.

आता ती तिसऱ्या मजल्यावरची फुली.

तोवर भैरूच्या जागी मल्हारी हा नवा योद्धा आला होता आणि सगळे सहाव्या-सातव्या लेव्हलला पोचले होते. तिसऱ्या मजल्यावर खड्डे आहेत आणि काही चौकोन असे आहेत की पाऊल ठेवताच तुमचे तोंड न सांगता दुसरीकडे फिरते. नव्या आवृत्तीत नकाशा आपोआप काढला जातो, तरी मी तो बाजूला ठेवून कागदावर नकाशा काढत होते, आणि त्यामुळे दिशा फिरली की माझा कागदच खोटा ठरत होता. डुमापिक मंत्र टाकला की आपण कुठे आहोत आणि तोंड कुठे आहे ते कळते, पण तो पहिल्या पातळीचा मंत्र, म्हणजे काटिनो ज्या शक्तीतून निघतो त्याच शक्तीतून निघणारा. दिशा विचारायची की झोपवण्याचा मंत्र राखून ठेवायचा, असा तो व्यवहार. त्या रात्री मी तीनदा दिशा विचारली. बोळाच्या टोकाशी शत्रूच्या मांत्रिकांचा गट समोर आला, त्यांनी आधी आग टाकली, आणि मागच्या ओळीतली तिन्ही माणसे एका फेरीत गेली. खंडू सर्वांत शेवटी पडला.

बहुतेक आधुनिक गेम इथे जुना सेव्ह, म्हणजे आधी साठवून ठेवलेली स्थिती, उघडून देतात. इथे तसे होत नाही. जे घडले ते नोंदले जाते. मूळ काळात काही खेळाडू चमू मरायच्या क्षणी फ्लॉपी खेचून काढत, जेणेकरून नोंद होऊ नये. इतका त्या नोंदीचा धाक होता. मात्र गेम संपतही नाही. सहा देह त्याच चौकोनात पडून राहतात, आणि दुसरा चमू तिथे पोचून शोध घेईल तर ते सापडतात. प्रश्न असा की चमूत सहाच जागा असतात. देहालाही जागा लागते. म्हणजे सहा जण खाली पाठवले तर एकही देह आणता येत नाही. चार जण पाठवले तर दोन देह येतात. मी चार जणांचे गणित मांडले आणि तीन खेपा ठरवल्या.

त्या चौघांना घडवताना मी वेगळी खेळाडू झाले होते. न उघडलेली दारे मी सोडून देत होते. अर्धी शक्ती संपली की जिना, हा नियम एकदाही मोडला नाही. देह कुठे आहेत ते सांगणारा कांडी नावाचा एक मंत्र आहे, पण तो पुजाऱ्याला बऱ्याच वरच्या लेव्हलवर मिळतो आणि माझ्या नव्या पुजाऱ्याकडे तो नव्हता. माझ्याकडे होता तो पेन्सिलीचा नकाशा. त्यातली ज्या जागी दिशा फिरली होती ती चूक मी आता दुरुस्त केली, आणि पहिल्या खेपेला चौघे जण कोणाशीही दुसरी लढाई न घेता त्या बोळाच्या टोकाशी पोचले. शोध घेतला, आणि यादीत सहा नावे आली. खंडू, हेगडी, मल्हारी, म्हाळसा, बाणाई, सदू. मी म्हाळसा आणि बाणाईला उचलले, कारण म्हाळसा उठली तर पुढच्यांसाठी कदाचित मंदिराची दक्षिणा वाचेल असा हिशेब होता. तो चुकीचा होता. मेलेल्याला उठवणारा डी मंत्र तिच्या आवाक्यात अजून आलेला नव्हता. पण म्हाळसा पहिल्याच विधीत उठली, आणि त्या क्षणी मी खुर्चीवरून उठून स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेले, कारण बाणाईसाठी लगेच बटण दाबण्याचा धीर होईना.

तीन खेपांत सहाही जण वर आले. पाच उठले. मल्हारीची राख झाली, आणि यावेळी मी हजारो नाणी जमेपर्यंत थांबले. तो राखेतून उठला.

हा अनुभव मला या गेमखेरीज कुठेही मिळालेला नाही, आणि तो कथेतून आलेला नाही. या गेमला कथा जवळजवळ नाहीच. म्हाळसाने तोंडातून एक वाक्यही काढलेले नाही. तिच्याबद्दल जे वाटते ते नियमांमुळे वाटते: ती जाऊ शकते, आणि गेली तर परत येण्याची खात्री कोणी देत नाही, म्हणून ती मोलाची. आजच्या मोठमोठ्या गेममध्ये सोबतच्या पात्रांना तासन्‌तासांचे संवाद दिलेले असतात आणि तरीही त्यांना आपण बिनदिक्कत आगीत ढकलतो, कारण लढाईनंतर ती उठून उभी राहणार असतात.

डिजिटल एक्लिप्सच्या कामाकडे पुन्हा वळते. चित्रे उत्तम आहेत. विशेषतः मजल्यागणिक दगडाचा पोत आणि प्रकाश बदलत जातो, त्यामुळे केवळ रेघांच्या भुयारात जी दिशाभूल व्हायची ती कमी होते. राक्षसांची नोंदवही भरत जाते, कोणाशी लढलो आणि तो काय करतो हे परत पाहता येते. विनिफ्रेड फिलिप्स यांचे संगीत 2025 साली गेमसंगीतासाठीच्या ग्रॅमी पुरस्काराने गौरवले गेले, आणि तो सन्मान योग्यच आहे. गावातले सूर शांत आणि थोडे उदास आहेत, आणि खालून परतल्यावर ते ऐकू आले की खांदे आपोआप सैल पडतात. सर्वांत मोलाचे काम मात्र सेटिंगच्या पानावर आहे. मूळ नियमांपैकी अनेक तिथे एकेक करून चालू-बंद करता येतात. मूळ गेममध्ये लेव्हल वाढताना एखादा गुण कमीही होऊ शकतो, अशा प्रकारचे जाचक नियम कोणाला नकोसे वाटतील तर त्यांना बाजूला ठेवून खेळता येते. जुन्याचा आदर राखून नव्या माणसाला दार उघडे ठेवण्याची ही पद्धत मला फार आवडली.

उणिवा आहेत, आणि त्या बहुतेक मूळ रचनेतल्या आहेत. चौथ्या मजल्यावर एक निळी फीत मिळते, ती घेतली की लिफ्टने थेट नवव्या मजल्यावर जाता येते, आणि मग पाच ते आठ या चार मजल्यांना अनुभव व वस्तू गोळा करण्यापलीकडे कारण उरत नाही. मी सहावा आणि सातवा अर्धाच पाहिला. लढाया तत्त्वतः वेगवेगळ्या असल्या तरी पहिल्या तीन मजल्यांवर त्यांची पुनरावृत्ती जाणवते, कारण पुढच्या तिघांना वार करण्याखेरीज दुसरे फारसे काही करता येत नाही. बळ वाढवण्यासाठी पहिल्या मजल्यावरच्या एका ठरावीक खोलीतल्या भुताशी पुन्हा पुन्हा लढण्याची प्रथा आहे. ती उपयोगी असली तरी कंटाळवाणी आहे, आणि मधल्या टप्प्यात गेम जवळजवळ तिच्याकडेच ढकलतो. काही मृत्यूंमागे खेळाडूची चूक शोधूनही सापडत नाही. खालच्या मजल्यांवर काही शत्रू एका घावात मुंडके उडवतात आणि काही मृतात्मे स्पर्शाने कमावलेल्या लेव्हलच काढून घेतात. पहिल्या नुकसानावर मंदिराचा मार्ग तरी आहे, दुसऱ्यावर तोही नाही. आठवडाभराचे काम असे एका स्पर्शात गेले की राग येतो, आणि तो राग रास्त आहे.

दहावा मजला हा गेमचा उत्कर्ष. तिथे एकामागून एक खोल्या आहेत, प्रत्येक खोलीत लढाई अटळ, आणि एका खोलीतून सुटलो की पुढच्या खोलीच्या वाटेवर. मालोर नावाचा मंत्र इथे परतीचा खरा आधार ठरतो, कारण त्याने अंतर मोजून हव्या त्या चौकोनात जाता येते. अंतर चुकले आणि भिंतीच्या भरीव दगडात पोचलो तर सगळा चमू कायमचा गेला. मी बेरीज-वजाबाकी कागदावर दोनदा करून मगच तो मंत्र टाकत असे. वर्डनाच्या दारापर्यंत मी दोनदा गेले आणि दोन्ही वेळा दार न उघडता परतले, कारण टिल्टोवेट हा सर्वांत मोठा मंत्र बाणाईकडे एकदाच टाकण्याइतका उरला होता. तिसऱ्या वेळी तो दोनदा टाकता येणार होता. तेव्हा उघडले. आत काय झाले ते लिहीत नाही. ताईत घेऊन आलेल्या माणसांच्या नावापुढे एक छोटी खूण उमटते, आणि ती आता माझ्या यादीत पाच नावांपुढे आहे.

घ्यायचा की नाही, याबद्दल माझे मत असे. रात्री अर्धा-पाऊण तास मिळतो आणि तेवढ्यात एक पूर्ण फेरी, म्हणजे उतरणे, दोन-तीन लढाया आणि परतणे, व्हावी अशी इच्छा आहे त्यांना हा गेम अगदी योग्य आहे. ज्यांना कथा आणि संवाद हवे आहेत त्यांनी घेऊ नये. मराठी किंवा हिंदी नाही, पण इंग्रजीही फार लागत नाही. आठवी-नववीतले मूल शेजारी बसून सहज खेळू शकते, आणि नकाशा काढण्याचे काम त्याच्याकडे दिले तर x आणि y अक्षांची उजळणीही होते. माझ्या भाच्याने चौथ्या मजल्याचा निम्मा नकाशा काढून दिला. सेटिंगमध्ये पहिल्यांदा सोपे नियम ठेवायला हरकत नाही, मात्र मेलेल्यांना जाऊन आणण्याचा नियम तेवढा मूळचाच राहू द्यावा. आणि उतरण्यापूर्वी गुत्त्यात चार जास्तीची माणसे तयार ठेवावीत. ती मी ठेवली असती, तर तीन आठवड्यांचे काम एका आठवड्यात झाले असते.